वृद्ध मांजराची हाक : अर्थनिर्णयाचा एक प्रश्न

'मांजर' हा शब्द संस्कृत 'मार्जार' या शब्दापासून, प्राकृतातील 'मज्जार', 'मंजार' अशा रूपांवाटे मराठीत आला, हे आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. मूळ धातू 'मृज्', म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे. जे आपले अंग सतत चाटून स्वच्छ ठेवते ते मार्जार. परंतु या प्राण्याच्या वार्धक्यात नेमकी हीच क्रिया प्रथम मंदावते. पाठीचा मागील भाग रुक्ष दिसू लागतो, केसांच्या गाठी होतात, आणि घरातील माणसे 'आता आळशी झाले' असे म्हणून मोकळी होतात. वस्तुस्थिती अशी की त्याला मान वळवणे दुःसह झालेले असते. बारा वर्षांवरील शंभर मांजरांची क्ष-किरण छायाचित्रे तपासून २००२ साली जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात नव्वद मांजरांच्या सांध्यांत झीज आढळली होती. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही. ते केवळ उड्या मारणे आणि अंग चाटणे कमी करते. लक्षण असे अभावरूप असल्यामुळे ते ध्यानात येत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या घरी दोन वर्षांपूर्वी तेरा वर्षांची एक मांजरी आली. शेजारचे वृद्ध दांपत्य परदेशी मुलाकडे कायमचे राहावयास गेले, आणि तिला ठेवून घेण्यास दुसरे कोणी तयार नव्हते. आपल्याकडे अशा वेळी मांजर मासळीबाजारात सोडून देण्याची रूढी आहे. उपाशी वा तहानलेले राहील अशा स्थितीत प्राण्यास टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अपराध आहे, याची सोडणाऱ्यास बहुधा कल्पनाही नसते. मांजराचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब ढोबळ आहे. पहिली दोन वर्षे माणसाच्या चोविसांइतकी आणि पुढील प्रत्येक वर्ष चारांइतके धरले, तर आमच्याकडे आलेली पाहुणी अडुसष्ट वर्षांची होती.

आता भाषेच्या प्रश्नाकडे वळू. मांजराच्या आवाजांचे ध्वनिशास्त्रीय वर्गीकरण मिल्ड्रेड मोल्क या विदुषीने १९४४ साली केले. मिटल्या तोंडाचे आवाज, उघडून हळूहळू मिटणाऱ्या तोंडाचे आवाज आणि उघडेच ताणून ठेवलेल्या तोंडाचे आवाज, असे तिचे तीन वर्ग आजही उपयोगी पडतात. यांपैकी दुसऱ्या वर्गातील 'म्याव' विशेष विचारणीय आहे. पिल्ले आईला उद्देशून ते उच्चारतात. प्रौढ मांजरे परस्परांशी क्वचितच. प्रौढ मांजराचे 'म्याव' प्रायः माणसासाठी असते. अर्थ मात्र ध्वनीत पुरता साठवलेला नसतो. निकास्त्रो आणि ओवरेन यांनी २००३ साली श्रोत्यांना निरनिराळ्या प्रसंगांची 'म्याव' ऐकविली, तेव्हा प्रसंग ओळखण्यात त्यांना यदृच्छेपेक्षा थोडेच अधिक यश आले. मांजरांचा सहवास असलेल्यांना काहीसे अधिक. लुंड विद्यापीठातील ध्वनिशास्त्रज्ञ सुसान शॉट्झ यांना अन्न मागतानाचा स्वर चढता आणि पशुवैद्याकडील प्रतीक्षेतील स्वर उतरता असल्याचे आढळले. पण हाही कल आहे, नियम नव्हे.

यावरून असे म्हणावयास हरकत नाही की प्रत्येक मांजर आणि त्याचे घर मिळून संकेतांचा एक लहानसा खासगी संच घडवितात. कोणत्या आवाजाने दार उघडते आणि कोणत्या आवाजाने ताटली पुढे येते, हे अनुभवाने ठरते. संकेत यादृच्छिक असतो आणि समाजाच्या संमतीने टिकतो, हे सोस्यूरचे मत आपण शिकवितो. येथे तो समाज दोघातिघांचा असतो. वृद्ध मांजर दत्तक घेणे म्हणजे दहाबारा वर्षे रुळलेले संकेत घेऊन आलेल्या, पण ते जाणणारे कोणीही सभोवती नसलेल्या प्राण्यास घरात घेणे होय. म्हणून जुन्या धन्याकडून आहाराची आणि औषधांची माहिती घेताना मांजराच्या निरनिराळ्या हाकांचे चार-पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण आणि त्यांचे अर्थही मागून घ्यावेत. आम्ही ते केले नाही.

तिसऱ्या महिन्यात ती रात्री ओरडू लागली. सुमारे दोन वाजता, ताणलेल्या तोंडाने, दीर्घ आणि उतरत्या स्वरात. घरातील सर्वांनी एकमताने ठरविले की तिला जुन्या घराची आठवण येते. आम्ही तिच्या मूळ घरची चादर टोपलीत घातली, दिवा लावून ठेवला, आळीपाळीने तिच्याजवळ बसलो. समोर नसलेल्या गोष्टीविषयी बोलता येणे हे हॉकेटने १९६० साली मानवी भाषेचे एक व्यवच्छेदक लक्षण म्हणून नोंदविले आहे. हा पाठ मी प्रतिवर्षी वर्गात शिकवितो. तरीही त्या हाकेत मी विरहाचे विधान ऐकत राहिलो. सहा आठवडे असे गेले. या काळात ती भरपूर खात होती, याचा आम्हास आनंदच वाटत होता. पुढे एके दिवशी जागा बदललेल्या खुर्चीवर ती आदळली, आणि भर उजेडातही तिच्या बाहुल्या विस्फारलेल्या आहेत असे दिसले.

पशुवैद्याने रक्तदाब मोजला. १६० च्या वरील दाब सतत राहिल्यास उपचार आवश्यक मानतात. तिचा २१० होता. दोन्ही डोळ्यांतील दृष्टिपटल सुटले होते. रक्ततपासणीत अवटुग्रंथीचा, म्हणजे थायरॉइडचा, अतिस्राव आढळला. मांजरांतील या विकाराचे पहिले वर्णन १९७९ मधील आहे, आणि त्याचे चित्र ठराविक आहे : भूक वाढते, वजन घटते, अस्वस्थता आणि ओरडणे वाढते. आम्ही जिचे कौतुक करीत होतो ती भूक हेच लक्षण होते. अम्लोडिपिन आणि थायरॉइडचे औषध सुरू झाल्यावर दोन महिन्यांत रात्रीचे ओरडणे जवळजवळ थांबले. दृष्टी परत आली नाही.

भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर वृद्ध मांजराची रात्रीची हाक हा अनेकार्थी शब्द आहे. रूप एक, कारणे अनेक. बहिरे झालेले मांजर आपलाच स्वर ऐकू न आल्याने मोठ्याने ओरडते. पंधरा वर्षांवरील निम्म्याहून अधिक मांजरांत बुद्धिमांद्याशी जुळणारे वर्तनबदल दिसतात, आणि त्यांत निष्कारण वाटणारे ओरडणे प्रमुख असते. सांधेदुखी आहे, भूक आहे, अंधत्व आहे. निर्णय सभोवतालच्या लक्षणांवरून करावा लागतो. पाणी अधिक पिऊन लघवी अधिक होत असेल तर मूत्रपिंड किंवा मधुमेह. मूत्रपिंडाच्या विकारात रक्तातील क्रिएटिनिन वाढते तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश कार्यक्षमता गेलेली असते, म्हणून लक्षणांची वाट न पाहता दर सहा महिन्यांनी रक्त, लघवी व रक्तदाब तपासावा. वजन दरमहा घ्यावे : मांजरास उचलून काट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे. ओरडण्याची वेळ, कालावधी आणि आधी काय घडले याची वही ठेवावी. अज्ञात बोलीची क्षेत्रपाहणी आपण अशीच करतो.

संगोपनाच्या इतर गोष्टी थोडक्यात. पहिले काही दिवस एकच शांत खोली द्यावी, आणि पूर्वीचाच आहार निदान पंधरवडा चालू ठेवावा. 'भूक लागली की खाईल' हे म्हणणे येथे धोक्याचे आहे, कारण दोन-तीन दिवसांच्या उपवासाने मांजराच्या यकृतात चरबी साठून ते दगावू शकते. दूधभात ही आपली परंपरा. पण बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील साखर नीट पचत नाही, आणि टॉरिन हे अत्यावश्यक द्रव्य त्यांना मांस-मासळीतूनच मिळते. त्याच्या अभावी दृष्टिपटल झिजते, हे १९७५ साली सिद्ध झाले. वाळूच्या तबकाची कड एका बाजूस बसकी असावी, पलंगाशी पायरी ठेवावी, आणि अंध मांजराच्या घरातील सामान हलवू नये. दुखते म्हणून पॅरासिटामॉल कदापि देऊ नये. अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

आमची मांजरी आता पंधरा वर्षांची आहे. भिंतीला मिशा लावून ती सर्व घर फिरते. मोरीच्या दाराशी ती प्रारंभापासून एक तोकडी, दोन अवयवांची, चढती हाक देत असे. तिचा अर्थ आम्हास लागला नव्हता. गेल्या वर्षी ती मुद्रित करून मी जुन्या शेजाऱ्यांकडे पाठविली. उत्तर तासाभरात आले. तिला भांड्यातले पाणी आवडत नाही, नळ किंचित सोडावा, असे तिचे म्हणणे होते.