टाक्यांनी लिहिलेली माया

सोलापुरात कापडावर अक्षर उमटवण्याचे दोन मार्ग आहेत. त्यांपैकी एक मागातून जातो आणि दुसरा सुईतून. पहिला मार्ग सर्वांना ठाऊक आहे. तेलंगणातून येऊन येथे स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनी आणि त्यांच्या बरोबरीने इतर समाजांतील कारागिरांनी नावारूपाला आणलेली सोलापुरी चादर जॅकार्ड यंत्रणेवर विणली जाते, आणि तिच्या नक्षीबरोबर उत्पादकाचे नावही पुष्कळदा कापडातच विणलेले असते. फ्रान्समधील लियाँच्या जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४च्या सुमारास सिद्ध केलेल्या या यंत्रणेत छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवतात. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, प्रत्येक फेऱ्याला एक पुठ्ठा पुढे येतो आणि ताण्याचे, म्हणजे उभे, कोणते धागे वर उचलले जावेत हे त्यावरील छिद्रांनुसार ठरते. अक्षराची रचना एकदा पुठ्ठ्यांत उतरली की तेच अक्षर हजारो चादरींवर तंतोतंत उमटू शकते. म्हणून मागावरचा मजकूर मुख्यतः बाजारासाठी, अनेकांना उद्देशून असतो.

एकाच माणसाला उद्देशून लिहायचे असेल, तर गोधडीकडे वळावे लागते. जुनी लुगडी, धोतरे आणि विरलेल्या चादरी एकावर एक अंथरून त्यांचे थर धावदोऱ्याने, म्हणजे खालीवर जाणाऱ्या साध्या सरळ टाक्याने, एकत्र शिवले की गोधडी होते. ग्रामीण भागात तिला वाकळ म्हणतात, आणि शेजारच्या कन्नड मुलखात हीच वस्तू कौदी या नावाने ओळखली जाते. गोधडीत कापूस किंवा पिंजलेली रुई भरावी लागत नाही. वापराने मऊ झालेले सुती कापड हीच तिची ऊब. तान्ह्या बाळाचे दुपटे आजीच्या लुगड्याचे करण्याची रीत महाराष्ट्रभर आहे, आणि तीमागे नव्या कापडाची खळ व खरखर बाळाच्या कातडीला सोसत नाही हा व्यवहार जितका आहे, तितकीच वडीलधाऱ्या बाईच्या अंगावरचे वस्त्र नातवंडाच्या अंगावर यावे ही ओढही आहे. अशा वस्त्रावर प्रेमाचा मजकूर घालणे म्हणजे जे कापड आधीच बोलत होते त्याला अक्षरे देणे होय.

बंगालमधील कांथा हा याच कुळातला शिवणप्रकार असून, कोलकात्याजवळच्या गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने एकोणिसाव्या शतकात शिवलेला एक प्रसिद्ध कांथा आहे. तो आपण स्वहस्ते करून वडिलांना अर्पण केल्याचे तिने त्यावर सुईनेच नोंदवले आहे. लेकीने बापाला लिहिलेले पत्र म्हणून हे वस्त्र वाचता येते, आणि अशा कामाचा भारतीय वारसा शोधणाऱ्याने प्रथम तेथेच जावे. अमेरिकेत एड्सने दगावलेल्यांच्या आप्तांनी १९८७ मध्ये तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे कबरीच्या मापाचे, नावे शिवलेले कापडी तुकडे जोडून एक अवाढव्य गोधडी वॉशिंग्टनमध्ये अंथरली. त्या पहिल्या प्रदर्शनात असे १,९२० तुकडे होते. जाहीर शोकासाठीही माणसांना अंथरुणाचेच वस्त्र जवळचे वाटले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

देवनागरी मजकूर गोधडीवर उतरवताना लिपीचा स्वभाव ओळखणे सर्वांत महत्त्वाचे ठरते. सरळ पट्ट्या आणि चौकोन जोडून अक्षर घडवण्याची पाश्चात्त्य पद्धत रोमन लिपीतील ठोकळेबाज अक्षरांना सोयीची आहे. देवनागरीतील वळणे तिच्यात नीट बसत नाहीत, म्हणून अक्षरे वेगळ्या कापडातून कातरून वर शिवणे किंवा थेट धावदोऱ्याने रेखाटणे हेच दोन मार्ग उरतात. त्यातही शिरोरेषेचा मोठा आधार मिळतो, कारण ती संपूर्ण शब्दाला एका रेषेत बांधते आणि गोधडीच्या आडव्या टाक्यांच्या ओळीतच तिला जागा करून देता येते. मजकूर थोडका आणि शक्यतो जोडाक्षरांवाचून असावा: सासरी निघालेल्या मुलीसाठी ‘माहेरची माया’ किंवा नातवासाठी ‘शतायुषी भव’ हे शब्द अर्थाने भरलेले आहेत आणि सुईलाही सोपे आहेत. अक्षराची उंची निदान वीतभर ठेवावी, नाहीतर ‘ब’च्या पोटातील तिरपी रेघ दुमडपट्टीत हरवते आणि त्याचा ‘व’ होऊन बसतो.

अक्षरांसाठी घेतलेले कापड आधी धुऊन वाळवावे, म्हणजे आटायचे ते आटते आणि सुटणारा रंग सुटून जातो. इरकली लुगड्याचे गडद काठ अक्षरांना फार शोभतात, परंतु त्यांचा रंग फिक्या पांढऱ्या धोतरावर उतरण्याचा धोका असतो. शिंप्याच्या खडूने अथवा साबणाच्या चिपेने अक्षर आखून, कडेला पाव इंच जादा कापड ठेवून कातरावे, आतल्या वळणांवर बारीक चिरा द्याव्यात आणि कड आत दुमडून बारीक टाक्यांनी बसवावी. हे काम केवळ वरच्या थरावर आधी पुरे करून मग सगळे थर एकत्र घ्यावेत, हे सोयीचे.

धावदोऱ्याने लिहिलेले अक्षर मात्र सर्व थरांतून आरपार जाते, त्यामुळे तेच टाके गोधडी धरूनही ठेवतात; मजकूर शोभेपुरता न राहता वस्त्राच्या बांधणीचा भाग होतो, आणि याच कारणासाठी ही पद्धत अधिक अस्सल वाटते. तिची अडचण अशी की मागच्या बाजूला शब्द आरशातल्यासारखा उलटा दिसतो. दोरा अस्तराच्या रंगाचा आणि वरच्या कापडाला उठाव देणारा निवडला, तर पाठीमागचा उलटा शब्द जवळजवळ मिटतो. शिवाय अक्षराभोवती टाक्यांच्या ओळी दाट घालून अक्षराचे अंग मोकळे ठेवले, तर ते किंचित फुगून वर येते आणि अंधारात बोटांनाही कळते.

अक्षरांची दिशा सहसा विचारात घेतली जात नाही. शिरोरेषा उशाकडे ठेवली तर पायथ्याशी उभ्या असलेल्या पाहुण्याला मजकूर सरळ दिसतो आणि पांघरणाऱ्याला उलटा. ती पायथ्याकडे ठेवली तर अंथरुणात उठून बसलेल्या माणसाला तो सरळ वाचता येतो. मजकूर ज्याच्यासाठी आहे त्यालाच तो वाचता यावा, म्हणून दुसरी मांडणीच योग्य.

ज्यांना स्वतः शिवता येत नाही ते हे काम गोधडी शिवणाऱ्या बाईकडे देतात. तिने काठाकडून मध्याकडे चौकटी भरत जाण्याच्या सवयीने कामाचा हिशेब मांडलेला असतो, आणि अक्षरांमुळे प्रत्येक चौकट मध्येच तोडावी लागते, वळणावर टाके आखूड घ्यावे लागतात. तेव्हा अक्षरांची मजुरी नेहमीच्या शिलाईत न धरता आरंभीच वेगळी ठरवावी, आणि एका कोपऱ्यात साल घालताना, तिची हरकत नसेल तर, तिचे नावही तिच्याच हातून घालून घ्यावे.