नेत्रसंशोधनाच्या अनुदानाला पात्र कोण?

अमेरिकेत डोळ्यांच्या आजारांवरील संशोधनाला सरकारी पैसा प्रामुख्याने नॅशनल आय इन्स्टिट्यूटकडून मिळतो. १९६८ साली स्थापन झालेली ही संस्था ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’ म्हणजेच ‘एनआयएच’चा भाग आहे. नवे संशोधक घडवण्यासाठी तिची खास अनुदाने आहेत; ती ‘के’ या अक्षराने ओळखली जातात.

के-०८ आणि के-२३ ही डॉक्टरांसाठी. पहिले मुख्यतः प्रयोगशाळेतल्या कामाला, दुसरे थेट रुग्णांवरच्या अभ्यासाला. अर्जदाराकडे वैद्यकीय किंवा तत्सम क्लिनिकल पदवी हवी आणि अनुदान हाती पडेपर्यंत तो अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असायला हवा. आर-०१ सारखे मोठे स्वतंत्र अनुदान आधीच मिळालेल्यांना ही दारे बंद.

खरी अडचण पदवीची नसतेच, वेळेची असते. अनुदान घेणाऱ्याने कामाचा ७५ टक्के वेळ संशोधन आणि प्रशिक्षणाला द्यावा, असा नियम आहे. म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात ओपीडी, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया आणि रात्रपाळीचे कॉल मिळून जेमतेम सव्वा दिवस! शस्त्रक्रिया करणाऱ्यांचा हात सुटू नये म्हणून काही शाखांना ही अट ५० टक्क्यांपर्यंत शिथिल होऊ शकते. तरीही एवढा वेळ मोकळा देऊ, असे विभागप्रमुखांनी लेखी कळवावे लागते. शस्त्रक्रियांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या विभागाला ते पत्र महागात पडते. होतकरू डॉक्टर अडतात ते बहुधा इथेच.

के-९९ चा हिशेब वेगळा. त्याला नागरिकत्वाची अट नाही. पुण्या-मुंबईत पीएचडी करून अमेरिकेतल्या एखाद्या रेटिना प्रयोगशाळेत व्हिसावर काम करणारी संशोधकही अर्ज करू शकते. मात्र अर्ज तिथल्या संस्थेमार्फतच जातो. इथे घड्याळ चालते ते पोस्टडॉकच्या अनुभवाचे: चार वर्षांहून जास्त झाला की पात्रता संपली. मधल्या काळात मूल झाले असेल तर एक वर्ष वाढवून मिळते, ही अलीकडची सुधारणा फार उशिरा आली. पहिली दोन वर्षे मार्गदर्शकाच्या हाताखाली काढायची. पुढच्या तीन वर्षांचा पैसा प्राध्यापकाची स्वतंत्र नोकरी मिळाली तरच सुटतो.

पुढे स्वतंत्र प्रकल्पासाठी अर्ज करताना नवोदितांना झुकते माप मिळते. त्यासाठी शेवटची पदवी किंवा क्लिनिकल प्रशिक्षण, यांपैकी जे नंतर संपले असेल त्यापासून दहा वर्षे मोजतात. त्यामुळे रेसिडेन्सीत गेलेली वर्षे नेत्रतज्ज्ञाच्या खात्यातून वजा होत नाहीत.