मेहता, उषा
मेहता, उषा : (२५ मार्च १९२०—११ ऑगस्ट २०००). भारतीय स्वातंत्र्यसेनानी, १९४२ च्या भूमिगत ‘काँग्रेस रेडिओ’च्या संघटक व निवेदिका आणि राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका. जन्म गुजरातमधील सुरतजवळच्या सरस या खेड्यात. वडील ब्रिटिश अमदानीत न्यायाधीश होते. त्यांच्या निवृत्तीनंतर १९३२ मध्ये हे कुटुंब मुंबईस स्थायिक झाले. उषाबाईंनी बालपणीच महात्मा गांधींचे दर्शन घेतले होते. वयाच्या आठव्या वर्षी, १९२८ मध्ये, त्या सायमन आयोगाच्या निषेधार्थ निघालेल्या मिरवणुकीत सहभागी झाल्या. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्या १९३९ मध्ये पदवीधर झाल्या. पुढे त्यांनी कायद्याचे अध्ययन सुरू केले. तथापि १९४२ च्या आंदोलनात ते सोडून दिले.

काँग्रेस कार्यकारिणीने १४ जुलै १९४२ रोजी वर्धा येथे ब्रिटिश सत्तेने भारत सोडावा असा ठराव केला व ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समितीने त्यावर शिक्कामोर्तब केले. दुसऱ्याच दिवशी पहाटे प्रमुख नेते पकडले गेले. वृत्तपत्रांवर कडक निर्बंध आले, गांधीजींचे हरिजन बंद पडले आणि सरकारी आकाशवाणीवरून सरकारला मान्य असलेल्या बातम्याच ऐकू येत. एका जिल्ह्यात काय घडले, हे शेजारच्या जिल्ह्याला कळण्याचा मार्ग उरला नाही. चळवळीला पुढाऱ्यांच्या अटकेइतकाच हा वृत्तांधार घातक होता. स्वतःचे नभोवाणी केंद्र उभारण्याची कल्पना उषाबाई व त्यांचे तरुण सहकारी विठ्ठलदास (बाबूभाई) खाकर, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी यांनी उचलली, ती या परिस्थितीत. प्रक्षेपक तयार करण्याचे काम नरिमन प्रिंटर या रेडिओतंत्रज्ञाने केले, तर ‘शिकागो रेडिओ’ या ध्वनिवर्धकाच्या पेढीचे नानक मोटवानी यांचेही साहाय्य झाले. लवकरच राममनोहर लोहियांनी या उपक्रमाचे मार्गदर्शन स्वीकारले.

पहिले प्रक्षेपण २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२·३४ मीटर या लघुलहरीवरून झाले. केंद्र भारतात कोठेतरी असल्याची घोषणा उषाबाई करीत. ‘हिंदुस्तान हमारा’ने कार्यक्रमाचा आरंभ व ‘वंदे मातरम्’ने शेवट होई. निवेदन इंग्रजी व हिंदुस्थानी अशा दोन्ही भाषांत असे. लोहिया, अच्युतराव पटवर्धन, मोईनुद्दीन हॅरिस, कूमी दस्तूर यांचेही आवाज या केंद्रावरून ऐकू आले. दिशाशोधक यंत्रे लावून पोलीस फिरत असल्याने प्रक्षेपक एका जागी ठेवणे अशक्य होते. चौपाटीवरील सी व्ह्यू इमारतीपासून गिरगावातील पारेख वाडीपर्यंत त्याने अवघ्या तीन महिन्यांत अनेक बिऱ्हाडे बदलली. ध्वनिमुद्रण एका जागी व प्रक्षेपण दुसऱ्या जागी अशीही व्यवस्था पुढे करण्यात आली. सरकारने प्रक्षेपणात अडथळे आणण्याचा प्रयत्न केला.

काँग्रेस रेडिओची गणना बहुधा प्रचारसाधनांत केली जाते. ती अपुरी वाटते. भाषणे व आवाहने त्यावरून होत, हे खरे. पण केंद्राचे खरे बळ बातम्यांत होते. निरनिराळ्या प्रांतांतून निरोपे मुंबईस वृत्त आणीत आणि भूमिगत काँग्रेस कार्यालयाकडूनही ते मिळे. चितगाववरील बाँबहल्ला, जमशेटपूरचा संप, बलियातील घडामोडी यांची वार्ता या केंद्राने दिली.

आष्टी व चिमूर येथील अत्याचारांची सविस्तर हकीकत हे तर त्याचे सर्वांत धाडसी वार्तांकन म्हणावे लागेल. आष्टी हे वर्धा जिल्ह्याच्या तेव्हाच्या आर्वी तालुक्यातील गाव, तर चिमूर हे त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातील. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी हा सारा मुलूख जागा झालेला होता. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, दोन्ही ठिकाणी जमावावर गोळीबार होऊन माणसे दगावली. क्षुब्ध जमावाच्या हातून आष्टीत पोलीस व चिमुरात सरकारी अधिकारीही ठार झाले. यानंतर दडपशाही सुरू झाली. विशेषतः चिमूरमध्ये पाठविलेल्या सैन्याने घरे लुटल्याच्या व स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी आल्या. वृत्तपत्रांना हा मजकूर छापता येईना. वऱ्हाड-मध्यप्रांतातील खेड्यांची ही कहाणी मुंबईतील एका बंद खोलीतून देशाला ऐकविली गेली. संपादकाला जी जोखीम शक्य नव्हती, ती बावीस वर्षांच्या या तरुणीने घेतली.

याच प्रकरणाची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातील प्रा. जयकृष्ण भणसाळी यांनी ११ नोव्हेंबर १९४२ पासून उपोषण आरंभिले. ते ६३ दिवस, १२ जानेवारी १९४३ पर्यंत चालले. त्याची वार्ता छापण्यासही सरकारने मनाई केली व वृत्तपत्रांना त्याविरुद्ध झगडावे लागले. उपोषणाच्या दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबरला, काँग्रेस रेडिओचा आवाज बंद झाला.

अटकेत सापडलेल्या प्रिंटरने पोलिसांना ठावठिकाणा दाखविला. खाकर यांच्या कार्यालयावर झडती चालू असल्याचे कळूनही उषाबाई चंद्रकांत झवेरींसह पारेख वाडीत गेल्या व त्यांनी ठरलेले प्रक्षेपण पार पाडले. दारे फोडून पोलीस आत शिरले, तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी चालू होती, ती थांबविण्यास त्यांनी नकार दिला. पुढे कित्येक महिने चौकशी झाली, पण त्यांनी तोंड उघडले नाही. १९४३ मध्ये खटल्याचा निकाल लागून खाकर यांना पाच, उषाबाईंना चार व चंद्रकांत झवेरींना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी व मोटवानी निर्दोष सुटले. प्रक्षेपणे ऐकून पोलिसांनी टिपून ठेवलेला मजकूर या खटल्यात पुरावा म्हणून मांडला गेला. ज्यांनी हा आवाज दडपला, त्यांच्याच दप्तरामुळे त्यातील शब्द आज वाचावयास मिळतात.

येरवड्याच्या तुरुंगात उषाबाईंची प्रकृती ढासळली. उपचारांसाठी त्यांना काही काळ मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहाऱ्यात ठेवावे लागले. १९४६ मध्ये त्यांची सुटका झाली. आजारपणामुळे सक्रिय राजकारणात त्यांना भाग घेता आला नाही; त्या पुन्हा अध्ययनाकडे वळल्या. गांधीजींच्या राजकीय व सामाजिक विचारांवरील प्रबंधाबद्दल मुंबई विद्यापीठाने त्यांना १९५३ मध्ये पीएच.डी. दिली. त्याच विद्यापीठातील नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुखपदावरून त्या १९८० मध्ये निवृत्त झाल्या. मुंबईच्या मणिभवन गांधी संग्रहालयाच्या त्या अध्यक्षा होत्या.  १९९८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. ऑगस्ट क्रांती मैदानावरील ९ ऑगस्टच्या समारंभास उपस्थित राहिल्यानंतर दोनच दिवसांनी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.