करडई : आपल्या काळ्या रानातलं केशर

पौष महिन्यात शिरूरहून न्हावऱ्याकडे किंवा पाटसवरून कुरकुंभकडे जाताना पूर्वी ज्वारीच्या बहुतेक प्रत्येक रानाला पिवळ्या-केशरी फुलांची किनार दिसायची. ती करडई. आज ती शोधावी लागते. मात्र बाजारात तिच्या वाळलेल्या पाकळ्या वेगळ्याच नावानं भेटतात. स्वस्त ‘केशर’ म्हणून पुडीत बांधून दिलेला माल पुष्कळदा करडईचा असतो.

खऱ्या केशराशी तिचं काही नातं नाही. केशराचा कंद जमिनीत असतो आणि फूल जांभळं. त्या फुलातले तीन तांबडे तंतू म्हणजे केशर. किलोभर केशराला दीड लाखाच्या आसपास फुलं खुडावी लागतात. आपल्याकडे ते काश्मीरच्या पांपोरचं. थंडी लागते म्हणून पुण्यात काहींनी बंद, गार खोल्यांत ते फुलवलं, पण भीमा-घोडच्या उघड्या रानात ते येणार नाही. करडई सूर्यफुलाच्या कुळातली. जुन्या संस्कृतात केशराला कुंकुम आणि करडईला कुसुंभ अशी दोन वेगळी नावं आहेत. पूर्वजांचा घोटाळा झाला नव्हता, तो आपला आहे.

शिरूर-दौंडचा मोठा भाग पर्जन्यछायेतला. वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बराचसा परतीचा. अशा रानात करडईचं सोटमूळ दोन मीटरहून खोल जातं आणि काळ्या मातीच्या पोटातली ओल शोधतं. परतीच्या पावसावर पेरायची आणि पुढं एकही पाणी न देता माघ-फाल्गुनात काढायची. शेतकरी ती ज्वारीत तासांनी पेरत आणि बांधाच्या कडेनं तर हमखास लावत. काट्यांमुळं गुरं आत शिरत नसत. कुंपणाचं कुंपण आणि घरचं तेल.

महिन्याभरात विरळणी होई आणि उपटलेली कोवळी रोपं घरी येत. लसणाची फोडणी आणि भिजवलेली मुगाची डाळ घालून केलेली करडईची भाजी ज्यांनी भाकरीबरोबर खाल्ली आहे, त्यांना तिची किंचित कडसर चव वेगळी सांगायला नको. पानं काटे धरायच्या आतच हे साधावं लागतं.

काढणी मात्र सत्त्वपरीक्षा. दव असेपर्यंत काटे नरम असतात, म्हणून पहाटे रानात जायचं. हाताला फडकी, पायाला गोणपाट गुंडाळायचं. मग वाळलेली बोंडं काठ्यांनी झोडपायची आणि वाऱ्यावर उफणायची. निघालेलं पांढरं, टणक बी घाण्यावर जाई. बियात साधारण तीस टक्के तेल, आणि त्या तेलात लिनोलिक आम्ल सत्तर टक्क्यांच्या वर. तेल पातळ, हलकं, पण हवेनं लवकर खवट होतं. म्हणून थोडं थोडं गाळून ताजं वापरायची जुनी रीत शहाणपणाची होती.

रंगाची कथा तर जगभरची आहे. इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यातल्या हारांत करडईची फुलं सापडली. रंगारी फुलं आधी पाण्यात वारंवार धुऊन पिवळा रंग सोडून देत. मग खार लावून मळत, तेव्हा आतला तांबडा सुटे. त्यात लिंबाचा रस पडला की तो सुतावर चढे. हाच कुसुंबी. त्यासाठी ढाक्याची करडई नावाजलेली होती. आपली काटेरी करडई मुख्यतः तेलाची. इंग्रजी कचेऱ्यांत कागद बांधायची फीतही या फुलांनी रंगवत. ‘लालफितीचा कारभार’ म्हणताना त्या फितीचा रंग कुठून येई, हे आपल्याला आठवत नाही. उन्हात हा रंग टिकत नसे. १८५६ साली पर्किननं पहिला कृत्रिम रंग बनवला, त्यानंतर काही दशकांत रंगाऱ्यांची करडई संपली.

शेतातली करडई कमी झाली ती वेगळ्या कारणांनी. दौंडला खडकवासल्याचा कालवा आला, शिरूरला घोड आणि चासकमानचं पाणी. पाणी आलं तिथं ऊस आला. पाटसला आणि न्हावऱ्याला साखर कारखाने उभे राहिले. उसाला दोष द्यायचं कारण नाही, त्यानं घरं उभी केली. पण जिथं कालवा पोचला नाही, त्या रानांतूनही करडई गेली, याचं मला वाईट वाटतं. मावा पडतो, काट्यांमुळं काढणीला मजूर मिळत नाहीत, आणि दुकानात पामतेल, सोयातेल स्वस्त.

यातल्या काट्यांवर उत्तर निघालेलं आहे, तेही शेजारच्या फलटणला. बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली स्थापलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्याचा ‘नारी-६’ हा वाण दिला आणि बिनकाट्याचं संकरित बियाणंही तयार केलं. सोलापूरच्या संशोधन केंद्रातून आलेल्या एका वाणाचं नाव तर ‘भीमा’ आहे. ज्या नदीच्या काठी ही करडई पिढ्यान्‌पिढ्या पिकली, तिचंच नाव. बिनकाट्याच्या झाडावरून कोमेजत आलेल्या पाकळ्या वेचता येतात आणि बी भरायला बाधा येत नाही. म्हणजे एकाच पिकातून तेल आणि फूल. त्या पाकळ्यांचा काढा करतात, खाण्याला रंग देतात. त्या करडईच्या नावानं विकल्या तर कुणाची फसवणूक होत नाही.

केशर घेताना एवढं पाहा. खरा तंतू एका टोकाला तुतारीसारखा रुंदावतो. पाण्यात हळूहळू पिवळा रंग सोडतो आणि स्वतः बराच वेळ तांबडा राहतो. करडईची पाकळी बारीक नळीसारखी असते, टोकाला पाच फाकी, आणि केशराचा गंध तिला नाही. ओळख पटली तरी ती पुडी फेकू नका, पण दाम करडईचेच द्या. आणि शिरूर-दौंडच्या कोरडवाहू भागात ज्यांची ज्वारी अजून उभी राहते, त्यांना विनंती : येत्या रब्बीत बिनकाट्याच्या करडईचे दोन तास तरी पेरा.