मराठी मजकुरातील संख्यांचे संगणकीय संकलन : ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या संदर्भात

प्रस्तावना :
ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार शासकीय कामकाजाची भाषा मराठी असल्याने या शहरांविषयीची बरीच आकडेवारी मराठी वाक्यांत विखुरलेली असते. ती वेगळी करण्याचे साधन म्हणजे 'रेग्युलर एक्स्प्रेशन', अर्थात अक्षरक्रमाचे वर्णन करणारी सूत्ररचना. तिचा गणिती पाया स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात घातला. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये ती मजकूरशोधासाठी वापरण्याची पद्धत मांडली.

विषय विवेचन :
पुढील वाक्य पाहावे : '२०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या १८,४१,४८८ व कल्याण-डोंबिवलीची १२,४७,३२७ होती.'

सलग अंक शोधणारे [०-९]+ हे सूत्र येथे स्वल्पविरामापाशी थांबते. परिणामी २०११, १८, ४१, ४८८, १२, ४७ व ३२७ अशा सात संख्या मिळून त्यांची बेरीज २,९४४ येते. संगणक कोणतीही चूक दाखवीत नाही, हाच खरा धोका होय. केवळ आंतरराष्ट्रीय (0-9) अंकांसाठी लिहिलेल्या सूत्रास तर एकही संख्या सापडत नाही व बेरीज शून्य येते. जावास्क्रिप्टचे अंकचिन्ह आंतरराष्ट्रीय अंकच ओळखते. पायथॉन ३ चे अंकचिन्ह देवनागरी अंकही ओळखते.

लाख-कोटींच्या भारतीय मांडणीस अनुरूप सूत्र असे :
[०-९][०-९]?(,[०-९][०-९])*,[०-९][०-९][०-९]

आरंभी एक वा दोन अंक, मध्ये दोन-दोन अंकांचे गट व शेवटी तीन अंक, असा याचा अर्थ. स्वल्पविराम नसल्याने वर्ष आपोआप वगळले जाते. निवडलेल्या संख्यांतील स्वल्पविराम काढून बेरीज केल्यास ३०,८८,८१५ हे योग्य उत्तर मिळते. मात्र हजाराखालील संख्या या सूत्रातून निसटतात. त्यांसाठी 'रुपये' वा 'लोकसंख्या' अशा लगतच्या शब्दांचा आधार घ्यावा लागतो.

उत्तराचा पडताळाही आवश्यक आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार उर्वरित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८०,७०,०३२ व पालघरची २९,९०,११६ होते. त्यांची बेरीज अविभाजित जिल्ह्याच्या १,१०,६०,१४८ या संख्येशी तंतोतंत जुळते. अशी ज्ञात एकूण संख्या हाताशी असल्यास सूत्रातील दोष तात्काळ उघड होतो.

निष्कर्ष :
सूत्र केवळ अंकांचा आकार ओळखते, अर्थ नव्हे. म्हणून अंकलिपी, स्वल्पविरामांची मांडणी व संदर्भ यांचा विचार करून, तसेच ज्ञात बेरजेशी ताडून पाहूनच असे उत्तर ग्राह्य मानणे उचित ठरेल.