परराज्यातली जुनी पद्मिनी घेताना

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी आज हौसेची गाडी झाली आहे. चांगली गाडी मात्र कधी कोइमतूरला सापडते, कधी कोलकात्याला. आणि फोटोतला चकचकीत रंग पाहून टोकन पाठवायची घाई होते. आधी कागद, मग पत्रा आणि शेवटी इंजिन, हा क्रम सोडू नका.

आरसीवरचे चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतात का, हे जवळून काढलेल्या फोटोंत पाहा. 15 वर्षांनंतर नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते. ते झालेले हवे. कर्जाचा बोजा उतरलेला हवा. राज्य बदलताना मूळ आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्रात रस्ता कर वेगळा भरावा लागतो. 50 वर्षांवरच्या मूळ रूपातील गाडीला 2021 च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण मग ती रोज वापरता येत नाही.

पत्रा तपासायला तिथलाच मेकॅनिक पाठवा. दाराखालच्या पट्टीवर फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवले की कळते: जिथे ते चिकटत नाही, तिथे रंगाखाली लांबी भरलेली असते. मॅट उचलून तळाचा गंजही बघायला सांगा.

थंड इंजिन सुरू करतानाचा अखंड व्हिडिओ मागवा. सायलेन्सरमधून निळसर धूर येतच राहिला, तर इंजिन ऑइल खाते आहे.

पूर्ण रक्कम एनओसी हाती पडल्यावरच द्या. अनोळखी ब्रेकवर भरवसा ठेवून गाडी चालवत आणू नका. ट्रकवर चढवून आणा.