एकोणसाठ की पन्नास नऊ? मुलांचे गणित नेमके अडते कुठे?

'एकोणसाठ लिही' असे सांगितल्यावर दुसरीतले मूल ६९ लिहिते. घरात लगेच शेरा मारला जातो : याचे गणित कच्चे आहे. पण ही चूक जरा नीट पाहा. 'एकोण' आले की शेवटी नऊ असतो, हे मुलाने ओळखले आहे. पुढे 'साठ' ऐकू आले म्हणून त्याने सहा लिहिला. मुलाने नियम लावला. शब्दाची रचना मात्र त्या नियमात बसणारी नव्हती. मग ही चूक गणिताची की भाषेची? पिंपरी-चिंचवड ते चाकण या कामगार पट्ट्यात, जिथे एकाच वर्गात तीन-चार घरभाषांची मुले बसतात, तिथे या प्रश्नाचे उत्तर पालकांना माहीत असणे गरजेचे आहे.

२०१९ चा वाद काय होता?

जून २०१९ मध्ये शाळा सुरू होताच बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून वादळ उठले. 'एकवीस, बावीस' यांच्याबरोबर 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन पुस्तकात आले होते. जोडाक्षरे असलेली संख्यानामे लहान मुलांना जड जातात आणि त्यातून गणिताची भीती बसते, अशी भूमिका गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मांडली होती. जुने शब्द हद्दपार केलेले नाहीत, दोन्ही पद्धती चालतील, हेही त्यांनी स्पष्ट केले होते. तरीही मराठी भाषा मोडीत काढली जात असल्याची टीका झाली, विषय विधिमंडळात गेला आणि समाजमाध्यमांवर विनोदांचा पाऊस पडला. डॉ. नारळीकर यांचे जुलै २०२३ मध्ये निधन झाले. त्यांनी मांडलेला प्रश्न मात्र प्रत्येक जूनमध्ये नव्या मुलांसमोर उभा राहतो.

मराठी संख्यानामे अवघड का?

पहिले कारण क्रम. आपण ५२ लिहिताना आधी पाच, मग दोन लिहितो. बोलताना 'बावन्न' म्हणतो, म्हणजे आधी दोन, मग पन्नास. कान आणि हात उलट्या दिशांना जातात. म्हणूनच अनेक मुले बावन्नचे २५ करतात.

दुसरे कारण बदलती रूपे. दोन हा अंक बावीसमध्ये 'बा', बत्तीसमध्ये 'बत्', बेचाळीसमध्ये 'बे', ब्याऐंशीत 'ब्या' होतो. सहाचे तर सव्वीस, छत्तीस, शेहेचाळीस, छप्पन्न असे वेगवेगळे अवतार आहेत.

तिसरे कारण 'एकोण'. याचा अर्थ एकाने उणे. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. १९ पासून ८९ पर्यंत असे आठ शब्द आहेत. ९९ ला मात्र आपण नव्व्याण्णव म्हणतो, एकोणशंभर नाही. 'पावणेचार'मध्येही हीच वजाबाकी आहे : चाराला पाव कमी. ही रचना सुंदर आहे, पण ती कोणी उलगडून सांगितली तरच.

इतर भाषांत काय आहे?

कन्नडमध्ये २१ ला 'इप्पत्तोंदु' म्हणतात, म्हणजे वीस आणि एक. तेलुगू, तमिळ आणि इंग्रजीतही दशक आधी येते. हिंदीत मराठीसारखाच एकक आधी येतो, पण शब्द वेगळे : आपले पंचावन्न तिथे पचपन, आपले एकोणपन्नास तिथे उनचास.

जर्मन भाषेतही २१ चा उच्चार 'एक आणि वीस' असा होतो. जर्मन बोलणाऱ्या लहान मुलांवर झालेल्या अभ्यासांत अंकांची अदलाबदल ही ठळक चूक दिसली आहे. नॉर्वेने तर १९५१ मध्ये अधिकृत वापरासाठी क्रमच बदलला आणि दशक आधी आणले. त्यामागे टेलिफोन क्रमांक सांगताना होणारा घोळ हे मोठे कारण होते. तरीही तिथल्या बोलण्यातून जुनी पद्धत संपली नाही. शब्द हुकमाने जात नाहीत. दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात.

मग 'वीस एक' हाच उपाय?

पूर्णपणे नाही. बोलीत 'वीसेक माणसे आली' म्हणजे साधारण वीस. त्यामुळे 'वीस एक' कानाला फसवू शकते. शिवाय 'वीस एक' ऐकून काही मुले २०१ लिहितात. इंग्रजी माध्यमातही हाच प्रकार 'ट्वेंटी वन'बाबत घडतो. आणि दुकानात, बसमध्ये, आजीच्या तोंडी एकवीसच आहे. ते शब्द न येणारे मूल व्यवहारात अडेल. म्हणून 'पन्नास नऊ' हा पूल समजावा. मुक्कामाचे ठिकाण एकोणसाठच.

या पट्ट्यात प्रश्न वेगळा का?

भोसरी, चिखली, तळवडे, महाळुंगे, चाकण इथल्या कारखान्यांमुळे मराठवाडा, विदर्भ, उत्तर भारत, कर्नाटक अशा अनेक भागांतून कुटुंबे इथे आली. महापालिकेच्या शाळांत मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि इंग्रजी माध्यमाचे वर्ग आहेत. सेमी-इंग्रजीच्या मुलाचे गणित इंग्रजीत आणि घर मराठीत असते. म्हणजे एकाच ५९ साठी शाळेत 'फिफ्टी नाइन', घरी 'एकोणसाठ' आणि शेजारी 'उनसठ'.

त्यात लिपीची भर. मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी ५ इंग्रजी चारसारखा. गाडीच्या नंबरप्लेटवर इंग्रजी अंक, मराठी पुस्तकात मराठी अंक. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी हे सगळे एकाच वेळी चाललेले असते.

याने पुढे काय बिघडते?

'असर २०२४' अहवालानुसार ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी सुमारे ३४ टक्के मुलांनाच वजाबाकी येत होती. ही वजाबाकी दोन अंकी, हातच्याची असते. पाहणी ग्रामीण भागापुरती असल्याने शहरातील मुले त्यात नाहीत. पण हातचा कुठेही तितकाच अडतो. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचे लक्ष्यही हेच : २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीअखेर पायाभूत वाचन आणि गणित यावे.

५२ मधून २७ वजा करायचे तर ५२ म्हणजे पाच दशक दोन सुटे, आणि तेच चार दशक बारा सुटे, हे दिसावे लागते. 'बावन्न' या शब्दात ते दिसत नाही. 'पन्नास आणि दोन' म्हटले की दिसू लागते. इथे अडलेले मूल पुढे 'हातचा घेतला' असे पाठ म्हणते, पण काय घेतले ते त्याला माहीत नसते.

मूल कुठे अडले, कसे ओळखाल?

घरी तीन गोष्टी करून पाहा.

१. दहाच्या पाच नोटा आणि एक रुपयाची नऊ नाणी द्या. 'किती रुपये?' असे विचारा. मूल कोणत्याही भाषेत, अगदी 'पन्नास आणि नऊ' असे सांगत असेल, तर त्याला संख्या कळली आहे.

२. आता 'एकोणसाठ रुपये दे' म्हणा. इथे अडले तर अडचण शब्दाची आहे. पाढे घोकून ती सुटणार नाही.

३. ४७ आणि ७४ लिहून 'मोठी कोणती आणि का?' असे विचारा. इथे गोंधळ झाला तर स्थानाची किंमत कळलेली नाही. मग पुन्हा दहा-दहाचे गठ्ठे बांधण्याकडे वळा.

बालवाडीतल्या मुलासाठी याहून सोपी कसोटी आहे. बारा शेंगा मोजायला सांगा आणि मग विचारा, 'एकूण किती?' मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले, तर शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजेच एकूण, ही समज अजून यायची आहे. शंभरपर्यंत आकडे म्हणता येणे आणि बारा वस्तू मोजता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पालकांनी काय करावे?

दोन्ही नावे जोडीने घ्या. 'पन्नास आणि नऊ, म्हणजे एकोणसाठ. साठाला एक कमी.' घरची भाषा हिंदी किंवा कन्नड असेल तर तो शब्दही सांगा. मुलाला भाषांची अडचण नसते. त्या जोडून न दाखवण्याची असते.

पहिल्या आवाजाची खूण द्या. 'ब' ऐकू आला तर दोन, 'त' तर तीन, 'च' तर चार, 'प' तर पाच. एकवीसच्या पुढे ही खूण बहुतेक ठिकाणी चालते. सहा आणि सात तेवढे सवयीने शिकावे लागतात.

हातचा नोटांनी दाखवा. पाच नोटा, दोन नाणी. द्यायचे आहेत सत्तावीस. सात नाणी नाहीत, म्हणून एक नोट मोडा. आता चार नोटा, बारा नाणी. सत्तावीस दिले की उरतात दोन नोटा आणि पाच नाणी. नोट मोडली, तोच हातचा.

कामावरचे गणित घरी आणा. ट्रेमध्ये दहाच्या किती ओळी लागतात, सुटे किती उरतात, हे मशिनवर काम करणाऱ्या आईवडिलांना रोज दिसते. फिटरच्या टेपवर एका इंचाचे आठ सूत असतात. चार सूत म्हणजे अर्धा इंच, हे मुलाच्या बोटाने मोजू द्या. अपूर्णांकाची ओळख तिथेच होते. तिसरी शिफ्ट करून आलेल्या बापाला तासभर शिकवणे जमणार नाही. जेवताना दहा मिनिटे पुरतात.

आणि चूक झाली की आधी विचारा, 'हे कसे ठरवलेस?' मुलाच्या उत्तरात बहुतेक वेळा एखादा नियम सापडतो. तो नियम कुठे चालतो आणि कुठे नाही, एवढेच दाखवायचे असते. 'ढ' हा शिक्का मात्र एकदा बसला की मूल कसे ठरवले ते सांगायचेच सोडून देते. तिथून पुढे शिकवणे खरोखर अवघड होते.